ओरेआंदा : समुद्रकाठच्या हरवलेल्या राजवाड्याच्या प्रकल्प नोंदी

12 जानेवारी

क्रिमियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, याल्टापासून नैर्ऋत्येला काही किलोमीटरवर, लिवादिया आणि गास्प्रा यांच्या मध्ये ओरेआंदा हे ठिकाण आहे. रशियाच्या सम्राज्ञीसाठी तेथे बांधलेला राजवाडा 1852 मध्ये पूर्ण झाला आणि पुढे तीस वर्षांच्या आसपास आगीत नष्ट झाला. त्याच्याभोवती आखलेले उद्यान मात्र बऱ्याच अंशी टिकून आहे. या प्रकल्पात त्या एकाच भूभागाचे निरनिराळ्या काळांतले आराखडे एकावर एक थर ठेवून मांडायचे आहेत आणि प्रत्येक थरासोबत त्या काळाचे टिपण द्यायचे आहे.

चित्रसामग्री गोळा करायला घेतली तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. ‘ओरेआंदाचा राजवाडा’ म्हणून सर्वाधिक छापले गेलेले चित्र त्या राजवाड्याचे नाहीच. कड्यावरचे उंच जोते, त्यावरचे काचेचे मंदिर, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या स्त्रीमूर्तींचे स्तंभ असे जे भव्य दृश्य पुन्हा पुन्हा समोर येते, ते कार्ल फ्रीडरिश शिंकेल या प्रशियन वास्तुविशारदाच्या 1838 च्या आराखड्याचे आहे आणि तो आराखडा कधीच बांधला गेला नाही. जो खरोखर उभा राहिला, ज्यात माणसे राहिली आणि जो जळाला, तो राजवाडा दुसऱ्याच माणसाचा होता. त्यामुळे हा राजवाडा एकदा आगीत हरवला आणि दुसऱ्यांदा आपल्याहून देखण्या चित्रामागे हरवला, असे माझे मत झाले आहे. कामाची मांडणी याच मुद्द्याभोवती करायची आहे.

18 जानेवारी

मालकीचा क्रम. पहिला अलेक्झांडर 1825 मध्ये या किनाऱ्यावर आला, त्याला ओरेआंदा आवडले आणि त्याने ही जमीन विकत घेतली. राज्यकारभारातून निवृत्त होऊन येथे राहावे असा त्याचा मनोदय होता, असे सांगितले जाते. पण त्याच वर्षाअखेर अझोव्ह समुद्राकाठच्या तागानरोग येथे त्याचा मृत्यू झाला आणि जमीन त्याचा भाऊ पहिला निकोलस याच्याकडे आली. निकोलस आणि सम्राज्ञी अलेक्सांद्रा फ्योदोरोव्हना यांनी 1837 मध्ये क्रिमियाचा दौरा केला, तेव्हा निकोलसने ओरेआंदा पत्नीला भेट दिले.

शेजारही लक्षात घ्यायला हवा. पश्चिमेला अलुप्का येथे नोव्होरोसिया या काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील रशियन प्रदेशाचा गव्हर्नर जनरल काउंट व्होरोन्त्सोव्ह याचा राजवाडा 1828 पासून बांधला जात होता आणि तो 1848 मध्ये पूर्ण झाला. पूर्वेला लिवादियाची जागा तेव्हा पोतोत्स्की घराण्याची होती. ती राजघराण्याकडे 1860 च्या सुमारास आली. म्हणजे या किनाऱ्यावर राजघराण्याचे पहिले ठिकाण ओरेआंदा होते. आज लिवादियाचे नाव सर्वांना ठाऊक असते, कारण 1945 च्या फेब्रुवारीत तेथे याल्टा परिषद भरली. ओरेआंदा हे त्या मानाने वडीलधारे, पण विसरले गेलेले शेजारी आहे.

25 जानेवारी

शिंकेलचा थर. या थराला सर्वात जास्त वेळ द्यावा लागला आणि तो द्यावा अशी त्याची योग्यताही आहे.

प्रथम प्रश्न असा की रशियाच्या सम्राज्ञीने बर्लिनच्या वास्तुविशारदाकडे का जावे? याचे उत्तर घरातच आहे. अलेक्सांद्रा फ्योदोरोव्हना ही जन्माने प्रशियाची राजकन्या शार्लोट, तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म आणि राणी लुईझा यांची मुलगी. तिचा भाऊ, म्हणजे पुढे राजा झालेला चौथा फ्रीडरिश विल्हेल्म, याला वास्तुकलेचे एवढे वेड होते की तो स्वतः आराखडे काढी. पॉट्सडाममधील शार्लोटेनहोफ या लहान राजवाड्याच्या कामात 1820 च्या दशकात त्याने शिंकेलसोबत स्वतः लक्ष घातले होते. शिवाय शिंकेलने या सम्राज्ञीसाठी याआधीही काम केले होते : सेंट पीटर्सबर्गजवळ पीटरहोफ या राजनिवासाशेजारच्या अलेक्झांड्रिया उद्यानातले गॉथिक धाटणीचे छोटे प्रार्थनामंदिर त्याच्याच आराखड्यावरून 1830 च्या दशकाच्या पूर्वार्धात बांधले गेले. तेव्हा ओरेआंदाचे काम त्याच्याकडे जाणे हे जवळजवळ कौटुंबिक व्यवहारासारखे होते.

आता आराखडा. कड्यावरच्या सपाटीवर चौरस मांडणीचा राजवाडा, मध्ये प्राचीन रोमन घरांच्या धर्तीचे अंगण आणि त्या अंगणाच्या मधोमध एक प्रचंड जोते. या जोत्याच्या पोटात काळ्या समुद्राच्या काठावर सापडणाऱ्या प्राचीन वस्तूंचे संग्रहालय करायचे आणि त्याच्या माथ्यावर आयोनिक स्तंभांचे, मोठमोठ्या काचांचे मंदिरवजा दालन उभारायचे, जेणेकरून आजूबाजूच्या छपरांवरून थेट समुद्र दिसावा, अशी ती कल्पना होती. समुद्राच्या बाजूचा सज्जा अथेन्सच्या एरेख्थेइऑन या प्राचीन मंदिरातील स्त्रीमूर्तींच्या स्तंभांवरून घेतलेला आहे. संग्रहालयाची कल्पना हवेतली मुळीच नव्हती. क्रिमियाच्या किनाऱ्यावर खेर्सोनेसस आणि पांतिकापायॉन ही ग्रीक नगरे होती आणि केर्चजवळच्या कुल-ओबा या टेकाडात 1830 मध्ये सोन्याच्या वस्तूंनी भरलेले दफन सापडले होते. तॉरिस म्हणून ग्रीक पुराणकथेत येणारा प्रदेश तो हाच. ग्रीक भूमीवर ग्रीक राजवाडा, हे शिंकेलचे तर्कशास्त्र सरळ होते.

या आराखड्याशेजारी 1834 चा आणखी एक आराखडा ठेवून पाहिला. ग्रीसचा नवा राजा ओटो याच्यासाठी शिंकेलने थेट अथेन्समधील प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसवर राजवाडा कल्पिला होता. तोही बांधला गेला नाही आणि राजवाडा पुढे शहरात दुसऱ्या वास्तुविशारदाने बांधला. आज त्यात ग्रीसची संसद भरते. दोन्ही आराखड्यांत उंच कडा आहे, भग्न प्राचीनतेचा शेजार आहे, आणि खर्चाचा विचार दुय्यम आहे. अ‍ॅक्रोपोलिसवरचा राजवाडा झाला नाही हे बरेच झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. ओरेआंदाबाबत मी तसे म्हणणार नाही, पण ज्या स्त्रीला उन्हाळ्यात राहण्यासाठी आटोपशीर घर हवे होते तिला हे एवढे अवाढव्य प्रकरण नको वाटले असेल तर त्यात नवल नाही. खर्च आणि आकार या दोन्ही कारणांनी आराखडा बाजूला पडला. शिंकेल 9 ऑक्टोबर 1841 रोजी वारला. आराखड्याची रंगीत शिळाछापाची पाने 1840 च्या दशकात प्रसिद्ध झाली आणि त्या पानांनीच या न झालेल्या राजवाड्याला कीर्ती मिळवून दिली.

1 फेब्रुवारी

मोजमापे आणि तारखा यांची तांत्रिक नोंद. शिंकेलच्या पानांवरची मापे प्रशियन फुटांत वाचावी लागतात, म्हणजे एक फूट सुमारे 31.4 सेंटिमीटर. रशियन नकाशांवर साझेन येते, ते 2.13 मीटर, आणि त्यातला फूट इंग्लिश फुटाएवढा, म्हणजे 30.48 सेंटिमीटर. दोन्ही ‘फूट’ एकच समजून थर जुळवले तर शंभर फुटांच्या भिंतीत जवळजवळ मीटरभराची तफावत येते. सर्व थर मीटरमध्ये आणून मगच एकमेकांवर ठेवायचे आहेत.

तारखांबाबत असे की एकोणिसाव्या शतकात रशियातील जुने पंचांग युरोपातील पंचांगाच्या 12 दिवस मागे होते. टिपणांत नवी तारीख वापरायची आणि जुनी जेथे प्रसिद्ध आहे तेथे ती सोबत द्यायची. या कामात एक योगायोग हाती आला : सम्राज्ञी अलेक्सांद्रा 1860 मध्ये आणि तिचा नातू तिसरा अलेक्झांडर 1894 मध्ये, असे दोघेही जुन्या पंचांगाप्रमाणे 20 ऑक्टोबरलाच वारले. ओरेआंदाच्या इतिहासात या दोन्ही तारखांना मालकीचे संदर्भ आहेत, म्हणून वर्ष लिहिल्याशिवाय तारीख लिहायची नाही.

8 फेब्रुवारी

बांधलेल्या राजवाड्याचा थर. आंद्रेइ श्टाकेनश्नायडर (1802–1865) हा सेंट पीटर्सबर्गमधला राजघराण्याच्या विश्वासातला वास्तुविशारद होता. तेथील मारिइन्स्की राजवाडा त्याचा आहे. पीटरहोफमध्ये याच सम्राज्ञीसाठी त्याने 1840 च्या दशकाच्या आरंभी पॉम्पेईच्या घरांवरून त्सारित्सिन मंडप बांधला. ओरेआंदाचे काम त्याच्याकडे आले तेव्हा त्याने शिंकेलची दिशा पूर्णपणे सोडली नाही : पांढरी, अभिजात धाटणीची इमारत, स्तंभांच्या ओळी आणि समुद्राकडच्या बाजूला स्त्रीमूर्तींचे स्तंभ. फक्त मधले जोते, संग्रहालय आणि काचेचे मंदिर गळाले. काय वगळले हे पाहिले म्हणजे राहणाऱ्याची गरज आणि रेखाटणाऱ्याची हौस यांतले अंतर नेमके कळते.

श्टाकेनश्नायडरला अनेकदा शिंकेलची सौम्य आवृत्ती म्हणून एका वाक्यात निकालात काढले जाते. हे मला अन्यायाचे वाटते. राजधानीपासून हे ठिकाण फार दूर होते आणि रेल्वे सेवास्तोपोलला 1875 मध्येच पोहोचली. इतकेच काय, काम सुरू झाले तेव्हा सेवास्तोपोल ते याल्टा हा रस्तादेखील पुरा झालेला नव्हता. तो 1848 मध्ये पूर्ण झाला आणि त्याची खूण म्हणून बायदार खिंडीत दगडी वेस उभारली गेली. अशा जागी, उतारावर, जवळजवळ दहा वर्षे काम चालवून राहण्याजोगा राजवाडा पुरा करणे हे कागदावर मंदिर रेखाटण्यापेक्षा वेगळे कर्तृत्व आहे.

राजवाडा 1852 मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. सम्राज्ञीची प्रकृती नाजूक होती, उबदार हवेसाठी ती 1845–46 चा हिवाळा पालेर्मोला राहिली होती. युद्धानंतर तिने हिवाळ्यासाठी नीसची वाट धरली. उबदार किनाऱ्यावरचे स्वतःचे नवे घर असूनही ते तिच्या वाट्याला फारसे आले नाही.

15 फेब्रुवारी

कॉन्स्तांतिनचा काळ. अलेक्सांद्रा 1860 मध्ये वारल्यावर ओरेआंदा तिचा दुसरा मुलगा, ग्रँड ड्यूक कॉन्स्तांतिन निकोलायेविच, याच्याकडे आले. हा साधा विलासी राजपुत्र नव्हता. रशियन नौदलाचा प्रमुख या नात्याने त्याने शिडाच्या जहाजांच्या जागी वाफेची जहाजे आणण्याची धडपड केली, 1861 च्या भूदासमुक्तीच्या बाजूने तो ठाम उभा राहिला आणि 1865 पासून तो राज्यपरिषदेचा अध्यक्ष होता. त्याचा भाऊ दुसरा अलेक्झांडर याची 13 मार्च 1881 रोजी, म्हणजे जुन्या पंचांगाप्रमाणे 1 मार्चला, हत्या झाली. नव्या सम्राटाला, म्हणजे पुतण्या तिसऱ्या अलेक्झांडरला, काकाचे सुधारणावादी विचार मानवत नव्हते. त्याच वर्षी कॉन्स्तांतिनची सर्व पदे गेली.

राजवाडा जळाला तो 1880 च्या दशकाच्या अगदी आरंभी, ऑगस्ट महिन्यात. मालकाचे राजकीय आयुष्य आणि त्याचे घर एकाच सुमारास संपले. कादंबरीत असे लिहिले तर ओढूनताणून आणलेले वाटेल. ‘दगडी राजवाडा जळाला कसा’ हा प्रश्न वाचकाला पडेल, म्हणून टिपणात थोडे स्पष्टीकरण घालतो. अशा इमारतीत दगड फक्त भिंतींत असतो. छपराचे वासे, तक्तपोशी, जमिनी, जिने, दारे आणि सामान हे सारे लाकूड असते. छप्पर पेटले की ते मजल्यांवर कोसळते आणि भिंतींचे पोकळ कवच धुराड्यासारखे वारा ओढू लागते. चुनखडी आणि संगमरवर फार तापले की त्यांचा चुना होऊ लागतो, पृष्ठभाग तडकतो, कोरीवकाम गळून पडते. भिंती उभ्या राहिल्या तरी त्यांवर पुन्हा छप्पर चढवणे सोपे उरत नाही. ओरेआंदाच्या भिंती अशाच उभ्या राहिल्या आणि पुढे अनेक वर्षे वेली चढलेले भग्नावशेष म्हणून पाहिल्या गेल्या.

22 फेब्रुवारी

चर्चचा थर. कॉन्स्तांतिनने राजवाडा पुन्हा बांधला नाही. तो उद्यानातल्या एका लहान घरात राहू लागला आणि जळालेल्या राजवाड्याचे दगड वापरून त्याने चर्च उभारायचे ठरवले. अव्देयेव या वास्तुविशारदाने बायझंटाइन आणि जॉर्जियन परंपरेतून घेतलेला, आटोपशीर, घुमटाचा आराखडा केला आणि 1885 मध्ये चर्च पूर्ण झाले. आतले मोझेइक काम व्हेनिसच्या साल्व्हिआती यांच्या कारखान्याकडे दिले होते.

थरांच्या नकाशात चर्चला राजवाड्याच्या शेजारची निराळी इमारत म्हणून दाखवणे बरोबर ठरणार नाही, कारण दगड तेच आहेत. ज्या दगडांनी ग्रीक धाटणीच्या भिंती घडल्या त्यांनाच येथे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेचा आकार मिळाला. म्हणून नकाशावर राजवाड्याच्या पायापासून चर्चपर्यंत एक बाण काढला आहे. साऱ्या नकाशात वस्तू एका थरातून दुसऱ्या थरात गेल्याचे दाखवणारा तेवढा एकच बाण आहे.

कॉन्स्तांतिन 1892 मध्ये वारला. दोन वर्षांनी ओरेआंदा सम्राटाने आपल्या वारसासाठी घेतले आणि त्याच वर्षी तिसरा अलेक्झांडर शेजारच्या लिवादियात मरण पावला. सोव्हिएत काळात चर्च बंद झाले, 1990 च्या दशकात पुन्हा उघडले आणि आज ते वापरात आहे.

1 मार्च

उद्यान. आजवरच्या टिपणांत उद्यान पार्श्वभूमीसारखे येत होते. आता ते सर्व थरांखालचा पाया म्हणून सलग दाखवायचे, असे ठरले.

याचे कारण भूगोलात आहे. किनाऱ्यालगत क्रिमियाच्या डोंगररांगेचा कडा उभा आहे. आय-पेत्रीचे शिखर 1,234 मीटर उंच आहे आणि समुद्रापासून फार लांब नाही. ही भिंत उत्तरेचे गार वारे अडवते, म्हणून खालच्या चिंचोळ्या पट्टीत भूमध्य प्रदेशासारखे हवामान मिळते. रांगेपलीकडच्या गवताळ मैदानात कडक हिवाळा असतो आणि अलीकडे सायप्रस वाढतो. ओरेआंदात या पट्टीतले मूळचे रान अजून आहे : उंच जुनिपर, लवदार पानांचा ओक, रानटी पिस्ता, आणि लाल सालीचा आर्बुटस, जो क्रिमियातला मूळचा एकमेव सदाहरित रुंदपानी वृक्ष आहे. यांपैकी जुनिपर आणि पिस्त्याची झाडे शतकानुशतके जगतात, म्हणजे राजवाड्याची पायाभरणी व्हायच्या आधीपासून ती तेथे होती.

उद्यान आखणाऱ्यांनी हे रान तोडून चौकोनी ताटवे केले नाहीत. सुट्या उभ्या खडकांचा, उताराचा आणि मूळच्या झाडांचा आधार घेऊन त्यांनी वळणावळणाच्या वाटा काढल्या, आणि सायप्रस, देवदार, मॅग्नोलिया यांसारखी आणलेली झाडे मध्ये मध्ये लावली. आणलेल्या झाडांसाठी लांब जावे लागत नव्हते. निकित्स्की वनस्पतिउद्यान 1812 मध्ये क्रिस्तिआन श्टेव्हेन याच्या देखरेखीखाली याल्टाच्या पूर्वेला सुरू झाले होते आणि या किनाऱ्यावरच्या बागांना तेथून रोपे मिळत. उद्यानावरच्या खडकांपैकी एकावर क्रूस आहे, तो क्रूसखडक म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या एका खडकाच्या माथ्यावर पांढऱ्या स्तंभांची अर्धवर्तुळाकार मांडणी आहे आणि ती अजून उभी आहे. शिंकेलला जोते रचून, त्यावर मंदिर चढवून जो देखावा मिळवायचा होता, तो येथे निसर्गाने दिलेल्या खडकावर मोजके स्तंभ ठेवून मिळाला आहे. मला तरी ओरेआंदाचा सर्वात नेमका वास्तुविचार हाच वाटतो.

वाटांचाही थर स्वतंत्र केला आहे. 1860 च्या दशकात लिवादिया आणि ओरेआंदा यांना जोडणारी जवळजवळ सपाट वाट काढली गेली, डोंगराच्या समान उंचीच्या रेषेला धरून, जेणेकरून चालणाऱ्याला चढउतार जाणवू नये. पुढे ती गास्प्राच्या दिशेने वाढली. आज सुमारे 6.7 किलोमीटर लांबीची ही वाट चालण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि ती याच खडकावरच्या स्तंभांजवळून जाते. दोन राजवाड्यांना जोडण्यासाठी आखलेल्या वाटेचे एक टोक हरपले, तरी वाट चालू राहिली.

8 मार्च

भूस्तराविषयी लहान टिपण. हा किनारा दरडींसाठी आणि जमीन सरकण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, म्हणून पाणी वाहून नेणारे चर आणि धरभिंती हा येथल्या कोणत्याही बांधकामाचा निम्मा खर्च असल्यासारखाच असतो. शिवाय 1927 मध्ये जून आणि सप्टेंबर अशा दोन वेळा येथे मोठे भूकंप झाले. गास्प्राजवळच्या कड्यावरील ‘पाखराचे घरटे’ नावाच्या छोट्या किल्लेवजा घराखालचा खडक तेव्हा फुटला. कड्यावर जोते, जोत्यावर संग्रहालय आणि त्यावर काचेचे दालन अशी शिंकेलची रचना या धक्क्यांत कशी तगली असती, याचा विचार केल्याशिवाय राहवत नाही.

15 मार्च

विसाव्या शतकाचा थर. डिसेंबर 1920 च्या लेनिनच्या हुकमाने क्रिमियातील राजवाडे आणि वाडे कामगारांच्या उपचारांसाठी व विश्रांतीसाठी द्यायचे ठरले. लिवादियात हे लगेच करता आले, कारण तेथे 1911 चा नवा राजवाडा उभा होता. ओरेआंदात भग्नावशेष होते. येथे उद्यान आयते मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, 1940 च्या दशकाच्या अखेरीस, खालच्या ओरेआंदात सॅनिटोरियम उभे राहिले. त्याचा आराखडा मोइसेइ गिन्झबुर्ग याचा. मॉस्कोतील नारकोमफिन या प्रयोगशील निवासी इमारतीचा (1928–30) हा कर्ता, रचनावादी पंथाचा प्रमुख विचारवंत. तो जानेवारी 1946 मध्ये वारला आणि त्याचे हे अखेरचे काम त्याच्या मृत्यूनंतर पूर्ण झाले, तेही स्तंभांच्या अभिजात भाषेत. शैली त्या काळच्या सरकारी आग्रहातून आली हे खरे. तरीही या जागेवर काम करणाऱ्या प्रत्येकाला शेवटी स्तंभांकडेच यावे लागले, ही गंमत टिपणात ठेवतो.

सोव्हिएत नेत्यांचे उन्हाळी निवासस्थानही ओरेआंदातच होते. सप्टेंबर 1971 मध्ये पश्चिम जर्मनीचा चॅन्सलर विली ब्रांट आणि जून 1974 अखेर अमेरिकेचा अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना सोव्हिएत नेता ब्रेझनेव्ह तेथे भेटला. एवढ्यावरच थांबतो, कारण तो राजनैतिक इतिहास या कामाचा विषय नाही.

21 मार्च

चित्रांचा क्रम आणि मथळे नक्की केले. शिंकेलची पाने आरंभी न ठेवता मालकीच्या टिपणानंतर ठेवली आहेत आणि प्रत्येकाखाली ‘1838 चा आराखडा, बांधला गेला नाही’ असे चित्राएवढ्याच ठळक अक्षरांत येईल. श्टाकेनश्नायडरच्या इमारतीचे चित्र आकाराने त्यांच्या बरोबरीचे असेल. चित्राची प्रत फिकी आहे म्हणून ते लहान छापावे असा प्रस्ताव होता, तो मी मान्य केलेला नाही. मुखपृष्ठासाठी खडकावरच्या स्तंभांचे चित्र निवडले आहे. पुढच्या फेरीत समान उंचीच्या रेषांचा नकाशा खालच्या थरात घालून वाटांची आखणी त्यावर पडताळायची आहे, आणि मगच थर छपाईसाठी द्यायचे आहेत.